गिरणीवाल्या आत्याची टरफलं

आत्या, आज तुझ्या तेराव्याचे लाडू कडक झाले होते. इतके, की पंगतीतल्या पाहुण्यांनी आधी ते ताटाच्या कडेवर आपटून पाहिले आणि मग गुपचूप खिशात टाकले. तू असतीस तर लाडू वळणाऱ्याला तिथल्या तिथे उभं केलं असतंस. "काय रे, लाडू केले का गोफणीचे गुंडे?" आज कोणी काही बोललं नाही. पिंपळगावात आता असं विचारणारं माणूस उरलं नाही, हे मला लाडवाच्या दुसऱ्या घासाला कळलं आणि मी रडायला लागलो. शेजारच्या पाहुण्याला वाटलं माझा दात हलला. त्याने पाणी पुढे केलं.

जेवणं झाल्यावर मला म्हणाले, चार शब्द बोला. मी उठलो, "आत्या फार कष्टाळू होती," म्हणालो आणि बसलो. पुण्यात मी तासतासभर व्याख्यानं देतो आणि तुझ्याबद्दल मला एवढंच सुचलं. खरं तर मला सांगायचं होतं की आत्या सगळं सोलून खायची.

शेंगा, लसूण, हरभरे सगळेच सोलतात. तू द्राक्ष सोलायचीस. मोसंबीची फोड घेतलीस की आधी तिच्या शिरा, मग पापुद्रा, मग बिया काढायचीस, आणि शेवटी जो रसाचा गोळा उरे तो माझ्या तळहातावर ठेवून म्हणायचीस, "हां. आता खा मोसंबी." तोपर्यंत बाकीच्यांच्या तीन-तीन मोसंब्या संपलेल्या असत. कोणी हसलं तर तुझं उत्तर तयार असे. "देवानं टरफल काढायला दिलं. टरफलासकट जनावरं खातेत."

धंदाही तुला तसाच मिळाला होता. मामा, म्हणजे तुझे यजमान, गेले तेव्हा मी शाळेत होतो. रेणुकाईच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावरची पिठाची गिरणी आता विकणार असं सगळे धरून चालले होते. तू दहाव्या दिवशी पदर खोचून पट्टा चढवलास. त्यानंतर शेवटच्या दिवसापर्यंत पंचक्रोशीचं दळण तुझ्या हाताखालून गेलं. पीठ चिमटीत घेऊन जरा चोळलंस की सांगायचीस, जाडं आलंय, बारीक आलंय, दगड गुळगुळीत झाला, टाकी लावायची वेळ झाली. तुझी चिमूट कधी चुकली नाही. पण तेच पीठ रोज छातीत जात होतं, आणि एक दिवस दमा मुक्कामाला आला.

आणि अशा बाईचा भाचा काय निघाला? टरफलं करणारा.

पुण्याच्या सरकारी प्रयोगशाळेत नोकरी लागली तेव्हा मी मोठ्या अभिमानाने तुला सांगायला आलो होतो. पॉलिमर म्हणजे काय ते सांगितलं. प्लॅस्टिकच्या जातीचं, पण शरीरात हळूहळू विरून जाणारं. त्याच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक डब्या करायच्या आणि आत औषध भरायचं. तू ऐकत होतीस, हाताने शेंगा फोडणं चालू होतं.

"म्हंजे तू औषध करतो."

"औषध नाही आत्या. औषधाच्या वरचं टरफल करतो."

तुझा हात थांबला. "पगार देतेत?"

"देतात की."

"टरफलाचा?"

मग तू भिंतीपलीकडे आवाज दिलास, "मुमताजभाभी, ऐकलं का, आमच्या सुद्याला टरफलाचा पगार हाय!" शेजारच्या मुमताजभाभी शिवणयंत्र सोडून बाहेर आल्या आणि त्यांनी माझ्याकडे ज्या दयेने पाहिलं ती मी अजून विसरलो नाही.

गावात मात्र तू सगळ्यांना सांगायचीस, भाचा औषधं बनवतो, मोठा डॉक्टर हाय. आणि मी, तुला माहीत आहे माझी खोड, लगेच मध्ये पडायचो. औषध नाही, आवरण. डॉक्टर आहे, पण रसायनशास्त्राचा. बस स्टँडवर, देवळात, लग्नाच्या मांडवात, जिथे सापडशील तिथे तुला दुरुस्त करायचो. तू समोरच्याला म्हणायचीस, "हा असाच हाय. पोतंभर गव्हातून एक खडा काढन अन् दिवसभर दाखवत फिरन." मला वाटायचं, शास्त्राचा माणूस असाच पाहिजे.

मग ती कॅप्सूल आली. भोकरदनच्या डॉक्टरांनी दम्यासाठी नवीन औषध दिलं. दिवसातून एकच, सकाळी गिळायची. तू घरी आणलीस आणि अर्थातच सोललीस. आत निघाले पांढरे बारीक दाणे. तू म्हणालीस, "डॉक्टरनं राजगिरा भरून देल्ला." मग तो राजगिरा खलात घातलास, बत्त्याने पार भुगा केलास आणि मधात कालवून चाटलास. त्या एकेका दाण्याला पॉलिमरची साल होती. दिवसभर थोडं थोडं औषध सोडत राहावं म्हणून कोणीतरी डोकं आटवून ती चढवली होती. तू दिवसभराचं औषध एका मिनिटात मोकळं केलंस.

अकराच्या सुमारास प्रयोगशाळेत फोन वाजला. गावातल्या एसटीडीवरून मुमताजभाभी बोलत होत्या.

"सुधाकरभाई, तुमारी आत्या बंदच नै हो री."

"म्हणजे?"

"सुबे से गिरणी चालू है. कल का, परसो का, सब का आटा पीस डाली. अब लोगों के घर जा के पूछ री, दळण है क्या. हाथ काँप रे. सरपंच को दो बार बुला के डाँटी. दुसरी बार तो वजह भी नै थी."

मी हसलो. खरं सांगतो, मोठ्याने हसलो. मग भाभी म्हणाल्या, "हसो मत भाईजान. छाती ऐसी धडक री, पदर के उपर से दिख री." मी विचारलं, नवीन काही खाल्लं का? त्यांनी राजगिऱ्याचं सांगितलं.

तुला जीप करून जालन्याला न्यायला सांगितलं आणि मी मिळेल ती बस पकडली. दवाखान्यात पोचलो तर तू खाटेवर, हाताला सलाईन, धडधड उतरलेली, आणि शेजारच्या पेशंटच्या बायकोला मोसंबी कशी सोलायची ते दाखवत होतीस. मला पाहून पहिला प्रश्न केलास, "जेवला का?"

आणि मी ओरडलो. वाटभर धरून ठेवलेली सगळी भीती तुझ्यावर ओतली. मरायचं होतं का, म्हणालो. कोणी सांगितलं होतं चिरडायला, म्हणालो. आणि मग, सगळा वॉर्ड ऐकत असताना, म्हणालो, "किती अडाणी असावं माणसानं!"

मोसंबीची साल तुझ्या हातात तशीच राहिली. तू चिडशील असं मला वाटलं होतं. चिडली असतीस तर बरं झालं असतं.

"मी अडाणी. बराबर हाय," तू हळूच म्हणालीस. "पण तू शिकलेला ना? मंग तू मला कधी सांगितलं का, त्या राजगिऱ्यात काय हाय म्हून?"

मी सांगितलं नव्हतं, आत्या. जिथे जिथे परिषद भरली तिथे पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं होतं. ज्या बाईच्या छातीत ते औषध जाणार होतं तिला टरफलाचा विनोद सांगून मोकळा झालो होतो.

मी बाहेर जाऊन पावशेर भाजलेल्या शेंगा आणल्या आणि तुझ्या चादरीवर मांडल्या. म्हणालो, समज, ही शेंग म्हणजे तो दाणा. टरफल पाण्यात भिजतं, हळूहळू ढिलं होतं, आणि आतलं औषध सकाळी थोडं, दुपारी थोडं, संध्याकाळी थोडं बाहेर येतं. चिरडलं की सगळं एकदम.

"म्हंजे दाण्यादाण्याला टरफल?"

"दाण्यादाण्याला."

"अन् ते तू करतो."

"असलंच करतो. हे मी केलेलं नाही, हे एका कंपनीचं आहे."

"कुणाचं का असंना. टरफल म्हणलं की तुझंच."

मी पुन्हा दुरुस्त करायला तोंड उघडलं, तर तू त्यात एक दाणा टाकलास. सोललेला, आतली लाल सालसुद्धा काढलेली.

"आता चिरडणार नाहीस ना? रेणुकाईची शपथ घे."

"रेणुकाईला गोळ्यायच्या भानगडीत कशाला ओढतो? बघू."

तुझं 'बघू' साऱ्या भोकरदन तालुक्याला माहीत होतं. गिरणीची खोली वाढवायला सांगणाऱ्याला तू 'बघू' म्हणालीस आणि खोली होती तेवढीच राहिली. दुसरं लग्न सुचवणाऱ्याला 'बघू' म्हणालीस, तो बिचारा वाट पाहून म्हातारा झाला. मी त्या दिवसापासून दर रविवारी फोनवर विचारत आलो, "दाणे चिरडत नाहीस ना?" आणि तू दर रविवारी म्हणालीस, "बघू. तू तुझ्या पोच्या शेंगा बघ."

पोच्या, म्हणजे दाणा न भरलेल्या शेंगांची ती आणखी एक भानगड. पुढे आम्ही नवीन काम घेतलं. पॉलिमरच्याच डब्या, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक, पण आत औषध नाही. आत नुसता वायू. त्या रक्तात सोडल्या की सोनोग्राफीत शिरा उजळून दिसतात. मी दिवाळीला आलो तेव्हा हे तुला सांगितलं. या वेळी नीट सांगायचं असं ठरवूनच आलो होतो.

"आत काहीच न्हाई?"

"वायू आहे."

"म्हंजे हवा." तू कपाळाला हात लावलास. "आधी टरफल तरी दाण्याचं होतं. आता पोच्या शेंगा पिकवून राह्यला. अन् सरकार नोकरीत बसू देतं?"

मी समजावलं. सोनोग्राफी म्हणजे उजेड नाही, आवाज असतो. आपल्याला ऐकू न येणारा आवाज आत सोडायचा आणि परत काय येतं ते ऐकायचं. मग ओट्यावर वाळत घातलेल्या शेंगांतून दोन उचलल्यास आणि एकेक माझ्या कानाशी हलवलीस. पहिली गप्प. दुसरी खुळखुळली.

"भरलेली गप बसती. पोचीच वाजती," तू म्हणालीस. "मंग आवाजानं हुडकायचं तर पोचीच पायजे की. एवढं सांगाया दिवाळी घालवली का?"

आत्या, आता मी प्रत्येक व्याख्यान दोन शेंगांनी सुरू करतो. खिशातून काढतो, माइकजवळ हलवतो आणि लोक टाळ्या वाजवतात. ही युक्ती तुझी आहे, हे मी एकदाही कोणाला सांगितलेलं नाही. तुलाही नाही.

आणि तू पुण्याला आली होतीस तेव्हाचं. प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यात पंखा फिरत होता, तो बघून तू म्हणालीस, "ताक करून राह्यले का?" मी 'हात लावू नको' म्हणेपर्यंत टेबलावरच्या वाळलेल्या नमुन्याची चिमूट तुझ्या बोटांत होती. चोळलीस. "दोन दळणं मिसळली यात. एक बारीक, एक जाडं." माझे सहकारी हसले. मी ओशाळून तुला हात धुवायला नेलं. दुपारी तोच नमुना कण मोजायच्या यंत्रात गेला आणि आलेखाच्या कागदावर एकाऐवजी दोन डोंगर उमटून आले. एक बारीक, एक जाडं. महिनाभर आम्ही करत असलेल्या चुकीचा आम्हाला तेव्हा पत्ता लागला. संध्याकाळी तू विचारलंस, "काय निघालं रे?" मी म्हणालो, "आत्या, प्रयोगशाळेत हात लावायचा नसतो." तू चुकलीस की सांगायला मी सगळ्यात पुढे. बरोबर निघालीस तेव्हा माझी दातखीळ बसली.

आपला शेवटचा वाद तर अर्धाच राहिला. मागच्या वर्षी मी सांगत होतो, आता त्या पोच्या शेंगेतच औषध भरायचं. रक्तातून जाऊ द्यायची, आणि दुखणं जिथे आहे तिथे पोचली की बाहेरून सोनोग्राफीचा जोरकस आवाज देऊन फोडायची.

तू दोन्ही हात कमरेवर ठेवलेस. "म्हंजे शेवटी फोडायचीच ना?"

"हो, पण..."

"मंग मी काय येगळं करत होते?"

"आत्या, योग्य जागी, योग्य वेळी फोडायची."

"माझा खल बी जागेवरच होता."

उत्तर मला आठ दिवसांनी सुचलं, पण तोवर तू विषय बदलून सरपंचावर आली होतीस. म्हटलं, पुढच्या खेपेला सांगू.

पुढची खेप झाली ती ही. तू गेलीस गिरणीच्या ओट्यावर, दुपारी, बसल्या बसल्या. समोर बायका दळणाच्या रांगेत होत्या. त्यांना वाटलं डोळा लागला. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. वय झालं होतं, त्रास झाला नाही, म्हणाले. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी मात्र 'हृदय' या शब्दापाशीच अडकून पडलो. पदरावरून दिसणारी ती धडधड माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. त्या सकाळी तू दाणे चिरडले होतेस का? इतक्या वर्षांचं ते 'बघू' म्हणजे हो होतं की नाही?

कोणाला विचारणार? तेरा दिवस मी तो एकच प्रश्न उशाला घेऊन झोपलो. तुझी कॅप्सुलांची पट्टी सापडली, त्यात त्या दिवसापर्यंतच्या सगळ्या घेतलेल्या होत्या. पण गिळल्या की कुटल्या हे पट्टी कुठून सांगणार? चौथ्या दिवशी कोणी नाही असं बघून मी तुझा खल उचलला. आतून बोट फिरवलं. वास घेतला. मग जिभेवर लावून पाहिलं. सुंठ होती. नुसती सुंठ की सुंठीखाली आणखी काही, ते कळेना, म्हणून पुन्हा चाटलं. तेवढ्यात मागून कोणाची तरी चाहूल लागली. त्या दिवसापासून गावात बोलतात, भाचा फार हळवा आहे, आत्याचा खल चाटून रडतो.

आज मंडप रिकामा झाल्यावर मुमताजभाभी आल्या. हातात बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा. म्हणाल्या, "आत्याने मेरे पास रखने को बोला था. घर में चुहे खाते बोल के."

मी झाकण काढलं. आत कॅप्सुलांची टरफलं होती. रिकामी, दोन दोन भाग पुन्हा एकमेकांत बसवलेली, हजारो. दवाखान्यातून आल्यापासूनच्या सगळ्या वर्षांची. म्हणजे तू सोलत होतीस! मी तिथेच खाली बसलो. तोंडातून एवढंच निघालं, "भाभी, आतले दाणे? खलात कुटायची का?"

"नै जी!" भाभी जवळजवळ रागावल्या. "तोबा करो. खल में तो मेरे वास्ते सोंठ कूटती थी. दाने तो चमचे में शिरा ले के उस पे डालती, और सीधा निगल जाती. चबाती नै थी."

दाणे न चिरडता, न चावता, मऊ खाण्यावर घालून गिळायचे. आत्या, हे चालतं. टरफल काढूनही औषध दिवसभर पुरतं. माझ्या शास्त्रात बसतं ते, आणि तुझ्याही. आणि मी इतक्या वर्षांत तुला कधी हे सांगितलं नव्हतं, कारण मला फक्त 'चिरडू नको' म्हणता येत होतं.

भाभी पदराने डोळे पुसत हसायला लागल्या. "और मालूम क्या करती थी? दवा लेने के पैले कवळी निकाल के वाटी में रख देती. मैं पूछी, आत्या, दात काऊन निकाले? तो बोलती, एखादा दाणा दाताखाली आला, तर सुद्या पुन्हा अडाणी म्हणन."

एकदा, एका वॉर्डात, घाबरून बोललेला एक शब्द तू रोज सकाळी आठवत होतीस आणि त्याला चुकवायला दात काढून ठेवत होतीस. आत्या, तू अडाणी नव्हतीस. हे मी त्याच दिवशी, शेंगा आणायला बाहेर गेलो तेव्हाच म्हणालो होतो, पण शेंगावाल्यासमोर. तुझ्यासमोर म्हणायचं राहिलं.

"पण ही टरफलं कशाला ठेवली तिनं?" मी विचारलं.

"लो! फेंकेगी कैसे? भतीजे के हात का माल है." भाभींनी डब्यातली एक लाल-पांढरी उचलून उजेडात धरली. "जो आए उसको दिखाती थी. दवा कंपनी की, टरफल हमारे सुद्या का. ये सब तुमीच बनाए ना, भाईजान?"

मी डब्यात पाहिलं. लाल-पांढरी, पिवळी, निळी. आत्या, यातलं एकही माझं नाही. हे रंगीत वेष्टन म्हणजे साधं जिलेटिन, ते यंत्रावर लाखांनी निघतं आणि पोटात गेल्या गेल्या विरघळतं. माझं टरफल डोळ्यांना दिसतच नाही. त्या दाण्यांची सालसुद्धा माझी नव्हती, आणि मी केलेली एकही डबी अजून कुठल्या दुकानात पोचलेली नाही. तीन दुरुस्त्या माझ्या जिभेच्या टोकाशी येऊन उभ्या राहिल्या.

"हो भाभी," मी म्हणालो. "सगळी मीच केलीत."

डबा मी पुण्याला घेऊन चाललोय. तू आता वर ज्यांना सांगत असशील त्यांना खुशाल सांग. भाचा औषधं बनवतो म्हण, मोठा डॉक्टर हाय म्हण. मी मध्ये पडणार नाही.